विश्लेषण : शेजाऱ्याचा कॅमेरा, आपले दार आणि डॉ. आंबेडकर… संविधानात येता येता राहिलेल्या हक्काची कहाणी

दाभोळच्या धक्क्यापासून दापोलीपर्यंतच्या गावांत आज अनेक घरांच्या पडवीत एक छोटा पांढरा कॅमेरा दिसतो. घराला कुलूप, माणसे मुंबई-पुण्यात आणि अंगणात कोण आले-गेले ते मोबाइलवर. चाकरमान्यांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र हाच कॅमेरा शेजाऱ्याच्या दाराकडे, विहिरीकडे किंवा न्हाणीघराच्या वाटेकडे वळलेला असेल, तर त्या शेजाऱ्याला कायद्याने काय हक्क आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक फारसा चर्चेत नसलेला धागा हाती लागतो. घराच्या खासगीपणाला संविधानाचे कवच मिळावे, असा मसुदा त्यांनी १९४७ मध्येच दिला होता. तो स्वीकारला गेला नाही. तो का राहिला आणि त्याचा आजच्या कॅमेऱ्याशी काय संबंध?

दाभोळशी नाते काय?

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. हे गाव आज मंडणगड तालुक्यात आहे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले आणि पुढे साताऱ्याला गेले.

दाभोळचा संबंध येतो तो रमाबाईंमुळे. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोली तालुक्यातील वणंद गावचा. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवत. आई-वडील लवकर गेल्याने ही भावंडे नातेवाइकांसोबत मुंबईला आली. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची गर्दी पांगल्यावर रात्री, भीमराव आणि रमाबाई यांचे लग्न लागले. लग्नासाठी स्वतःची चार भिंतींची जागाही या दोन्ही घरांकडे नव्हती.

त्या काळी खासगीपणाचा कायदा होता का?

होता, पण ठरावीक लोकांसाठी. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात रूढीवर आधारलेल्या हक्कांचे एक कलम आहे. त्यातील एक उदाहरण असे : एखाद्या गावची रूढीच तशी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी घरमालकाला पाडता येत नाही. हा कायदा मुंबई प्रांताला लागू झाला १८९१ मध्ये, म्हणजे आंबेडकरांच्या जन्मवर्षीच. खिडकीच्या जागी कॅमेरा ठेवला की हे उदाहरण आजचेच वाटते.

मात्र या हक्कासाठी दोन गोष्टी लागत : स्वतःचे घर आणि आपल्या बाजूची रूढी. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्यांना रूढीने हक्क मिळत नव्हते, उलट असलेले हिरावले जात होते.

मुंबईत सुभेदारांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळे तिथेच. वडील भीमरावांना लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत, कारण घर शांत असण्याची वेळ तेवढीच. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, त्यांचा संसार अनेक वर्षे होता. एकांत ही श्रीमंतांची चैन नसून माणसाची गरज आहे, हे कळायला त्यांना पुस्तकाची गरज नव्हती.

बडोद्यात काय घडले?

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले.

नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. शेवटी एका पारशी धर्मशाळेत सोय झाली. तिथे नोंदवही होती आणि तिच्यात पारशाचेच नाव चालणार होते. आंबेडकरांनी पारशी नाव धारण केले आणि वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या, एकाकी जागेत राहू लागले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. ओळखीच्यांपैकी एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. काही तास सार्वजनिक बागेत काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

हा प्रसंग अस्पृश्यतेचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. आजच्या भाषेत तो वैयक्तिक माहितीचाही आहे. नाव आणि जात एवढी माहिती उघड झाल्यावर एका उच्चशिक्षित अधिकाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. त्यांना बाहेर काढणारे पोलीस नव्हते, सरकार नव्हते. ती साधी खासगी माणसे होती.

सार्वजनिक जीवनात त्यांच्यावर पाळत होती का?

आंबेडकर १९२३ मध्ये लंडनहून बॅरिस्टर आणि डी.एस्सी. होऊन परतले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कोकणातील खोती पद्धत मोडीत काढण्यासाठी त्यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधानभवनावर नेला.

या काळात त्यांच्या सभा-परिषदांच्या नोंदी पोलिसांच्या गुप्त अहवालांत होत असत. महाराष्ट्र सरकारने पुढे त्यांच्या चळवळीची साधने छापली, तेव्हा त्यांत अशा नोंदीही आल्या. म्हणजे ज्यांनी पुढे झडतीविरोधी कलम लिहिले, ते स्वतः राज्याच्या नजरेखाली राहिलेले होते.

दरम्यान, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. हजारो पुस्तके मावतील असे स्वतःचे घर त्यांना चाळिशी ओलांडल्यावर मिळाले. रमाबाईंना ते फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी याच घरात त्यांचे निधन झाले.

१९४७ च्या मसुद्यात नेमके काय होते?

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेसाठी एक विस्तृत निवेदन तयार केले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने ते ओळखले जाते. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम असे होते की, लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असेल. सबळ कारण असल्याशिवाय वॉरंट निघू नये, अशीही अट होती. १७९१ च्या अमेरिकी चौथ्या घटनादुरुस्तीशी या कलमाचे साम्य उघड आहे.

मूलभूत हक्क उपसमितीत आंबेडकर एकटे नव्हते. क. मा. मुन्शी आणि हरनाम सिंग यांच्या मसुद्यांतही घर आणि पत्रव्यवहार यांच्या संरक्षणाची तरतूद होती. आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने एप्रिल १९४७ च्या अहवालात ती घेतलीही. पण घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा विरोध होता. पोलीस तपासाला अडथळा येईल, पत्रे पुरावा म्हणून वापरणे अवघड होईल, असे त्यांचे आक्षेप होते. सल्लागार समितीच्या टप्प्यावर हे कलम गळाले.

दुसरी संधी कशी हुकली?

फाळणीनंतर आंबेडकरांची बंगालमधील जागा गेली आणि ते मुंबई प्रांतातून संविधान सभेवर पुन्हा निवडून आले. ऑगस्ट १९४७ मध्ये ते देशाचे पहिले कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडती आणि जप्तीविरोधी संरक्षणाची दुरुस्ती मांडली. शब्द जवळपास तेच. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेत असे नियम आहेतच, पण संहिता कोणतेही विधिमंडळ बदलू शकते. तीच गोष्ट संविधानात गेली की ती सहज बदलता येणार नाही.

मसुदा समितीचा अध्यक्ष अनुकूल असूनही सभागृहाने साथ दिली नाही. मतदानात दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाला एकहाती आकार देणारे अशी आंबेडकरांची प्रतिमा रूढ आहे. प्रत्यक्षात त्यांनाही मते मोजावी लागत होती आणि काही वेळा ती कमी पडत.

एका फेटाळलेल्या दुरुस्तीचा परिणाम किती?

सुमारे सहा दशकांचा. १५ मार्च १९५४ रोजी एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले की, घटनाकारांनी अमेरिकेसारखा हक्क मान्य केलेला नाही, म्हणून न्यायालय तो मागच्या दाराने आणू शकत नाही. तोवर आंबेडकर मंत्रिपदावर नव्हते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील अलीपूर रोडवरील घरी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर डिसेंबर १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावणे न्यायालयाने बेकायदा ठरवले, पण खासगीपणाला हक्क म्हणून मान्यता दिली नाही. हे कोडे सुटले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. त्या निकालात संविधान सभेतील या घडामोडींचा आढावाही आहे. एक ठरावीक कलम नाकारले गेले म्हणून अख्खा हक्कच नाकारला गेला असे होत नाही, हा त्याचा मथितार्थ. १९४७ मध्ये मांडलेली गोष्ट ७० वर्षांनी दुसऱ्या वाटेने आली.

मग शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावर हा हक्क चालतो का?

इथेच खरी मेख आहे. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात. शेजारी हा सरकार नाही. आंबेडकरांना मात्र बडोद्याने शिकवले होते की माणसाचे स्वातंत्र्य शेजारी, घरमालक आणि गावकरीही हिरावू शकतात. म्हणूनच भारतीय संविधानात अनुच्छेद १५(२) आणि १७ आहेत. दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव येथे मज्जाव आणि अस्पृश्यता यांवरील ही बंदी खासगी व्यक्तींनाही बांधते. खासगीपणाबाबत मात्र असे थेट कलम संविधानात नाही. ते काम साध्या कायद्यांवर सोडले आहे.

हे कायदे पुढीलप्रमाणे :

• डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ : चेहरा ओळखू येईल असे चित्रीकरण हा वैयक्तिक डेटा आहे. पण कलम ३ नुसार व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर या कायद्यातून वगळला आहे. म्हणजे अंगणातला कॅमेरा सहसा त्याच्या बाहेर राहतो. चित्रीकरण आपल्या क्लाउडवर साठवणारी कंपनी किंवा गृहनिर्माण सोसायटी ही व्यक्ती नसल्याने तिला ही घरगुती सूट नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. सर्वाधिक दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

• माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ई : संमतीशिवाय एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

• भारतीय न्याय संहिता, कलम ७७ : महिलेच्या खासगी कृतीकडे चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद.

• दिवाणी दावा : कॅमेऱ्याची दिशा बदलावी किंवा तो काढावा, यासाठी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो.

थोडक्यात, न्हाणीघराकडे वळलेला कॅमेरा गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतो. पण शेजाऱ्याच्या घरी कोण कधी आले, मुलगी किती वाजता परतली, हे दिवसभर टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर थेट बोट ठेवणारा कायदा केंद्रात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच घरातील भावांच्या वादात निर्णय दिला की, घराच्या राहत्या भागात सहनिवासी भावाच्या संमतीविना कॅमेरे चालवणे हा खासगीपणाचा भंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. युरोपीय न्यायालयाने तर डिसेंबर २०१४ मध्येच ठरवले की, घरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर घरगुती वापराची सूट मिळत नाही. भारतीय कायद्यात घरगुती कारण म्हणजे काय, याची व्याख्या दिलेली नाही.

कॅमेरा नकोच का?

तसे नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईत 'राजगृहा'वर हल्ला झाला. कुंड्यांची नासधूस झाली, काचांवर दगड मारले गेले आणि तिथल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचेही नुकसान झाले. अशा वेळी चित्रीकरण हाच साक्षीदार असतो. ज्यांच्या बाजूने गावात कोणी बोलत नाही, त्यांच्यासाठी तर हा साक्षीदार अधिकच मोलाचा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आवश्यक प्रमाणपत्रासह असे चित्रीकरण पुरावा म्हणून सादर करता येते.

राव आणि अय्यर यांचा १९४७ मधला आक्षेप हाच होता की तपास अडेल. आंबेडकरांच्या कलमाने झडती बंद होणार नव्हती. झडतीला कारण आणि मर्यादा असावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. हीच कसोटी घरच्या कॅमेऱ्यालाही लावता येते.

कॅमेरा लावताना काय पाहावे?

• चौकटीत आपले दार आणि आपले अंगण एवढेच घ्यावे. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा काही भाग काळा करण्याची सोय असते. शेजाऱ्याची खिडकी आणि वाट त्याखाली झाकावी.

• गरज नसेल तर आवाजाचे रेकॉर्डिंग बंद ठेवावे. रस्त्यावरचे बोलणे साठवण्याचे कारण घरमालकाकडे नसते.

• कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. तसे न केल्यास आपले घर अनोळखी माणसालाही दिसू शकते.

• जुने चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाईल, असे सेटिंग ठेवावे.

• संशयित म्हणून कोणाची चित्रफीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्यापेक्षा ती पोलिसांना द्यावी. घरगुती वापराची सूट तिथपर्यंत टिकेल याची हमी नाही आणि माणूस निर्दोष निघाला तर बदनामीचा दावा होऊ शकतो.

• दार टिपणारा कॅमेरा शेजाऱ्याचा असेल, तर आधी त्याच्या मोबाइलवर दिसणारी चौकट पाहण्याची विनंती करावी. ऐकले नाही तर छायाचित्रे आणि तारखांसह लेखी पत्र द्यावे. पुढची पायरी वकिलाची नोटीस आणि दिवाणी न्यायालय.

दाभोळच्या धक्क्यावरून टोपल्या वाहणाऱ्या भिकू धुत्रे यांच्यासारख्यांच्या झोपडीला त्या काळी संविधानाचे कवच नव्हते. त्यांच्या जावयाने लिहिलेल्या कलमात घर हा शब्द होता. ते वाड्याचे की झोपडीचे, असा भेद नव्हता. सरकारपुरता तो हक्क २०१७ मध्ये मिळाला. कुंपणापलीकडच्या कॅमेऱ्यापासूनचे संरक्षण अजून संसदेच्या हाती आहे.